फरक मोठा, तरी ‘असार्थ’ कसा?

पत्र : सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. नोकरी सांभाळून एम.एड. करतेय. लघुप्रबंधासाठी अपूर्णांकांवर प्रयोग केला. माझ्या अ तुकडीला सहा आठवडे पुठ्ठ्याच्या भाकऱ्या आणि रंगीत पट्ट्या हातात देऊन शिकवलं. ब तुकडी शेजारच्या बाईंची. त्यांनी नेहमीसारखं फळ्यावर शिकवलं. आराखड्यानुसार आधी दोन्ही तुकड्यांची पूर्व चाचणी आणि शेवटी २५ गुणांची उत्तर चाचणी घेतली. अ तुकडी : २८ मुलं, मध्यमान (सरासरी) १५.८, प्रमाण विचलन (गुणांची पांगापांग) ४.६. ब तुकडी : २६ मुलं, मध्यमान १३.४, प्रमाण विचलन ५.०. टी मूल्य आलं १.८४. कोष्टकात ०.०५ स्तराला २.०१ लागतं. म्हणजे फरक असार्थ, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. त्या रात्री झोप लागली नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांचा प्रबंध पाहिला. दोन्ही गटांत नऊ-नऊशे मुलं, चाचणी २५ गुणांचीच, विचलन ५ च्या आसपास, फरक जेमतेम ०.७ गुणांचा, आणि तो ०.०१ स्तरावर सार्थ! माझा फरक त्यांच्या तिपटीहून जास्त. हा कुठला न्याय? मार्गदर्शक सर म्हणतात, “वन-टेल लावा, नाहीतर शेजारच्या वस्तीवरची दहा-बारा मुलं मिळवा, नाहीतर ती दोन सारखी गैरहजर राहणारी मुलं काढून टाका. नाहीच जमलं तर अ तुकडीची पूर्व आणि उत्तर चाचणी घेऊन जोडीची टी काढा, ती नक्की सार्थ येते.” मैत्रीण म्हणते, “इफेक्ट साइझ लिही.” ते काय असतं? माझा प्रयोग फसला का? — एक बाई

उत्तर : बाई, पत्रासोबत उत्तर चाचणीच्या गुणांची यादी जोडलीत ते फार बरं केलंत. नुसतं मध्यमान पाठवलं असतंत तर मला हवेत बोलावं लागलं असतं.

तुमचा प्रयोग फसलेला नाही. तो तडीला गेला असंही म्हणता येत नाही. या दोहोंच्या मधली जागा असते आणि बहुतेक प्रामाणिक संशोधन तिथंच राहतं. लघुप्रबंधाच्या ठरीव साच्यात तिला रकाना नाही, एवढंच.

रविवारी मी एक उद्योग केला. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातून ५४ चिठ्ठ्या कापल्या आणि तुमच्या ५४ मुलांचे गुण एकेका चिठ्ठीवर लिहिले. अ-ब काही लिहिलं नाही, नुसते गुण. डब्यात घालून हलवल्या. नातीनं डोळे मिटून २८ चिठ्ठ्या काढल्या, उरलेल्या २६. दोन्ही ढिगांची सरासरी काढली, वजाबाकी वहीत लिहिली. परत सगळ्या डब्यात. असं चाळीस वेळा. पंधराव्या फेरीनंतर नातीनं लाडवाची मागणी केली, ती पुरी करावी लागली.

या ढिगांना कुणीच काही शिकवलेलं नव्हतं. न भाकऱ्या, न फळा. तरी वजाबाकी शून्य कधीच आली नाही. कधी ०.४, कधी १.१, कधी उलट्या बाजूला ०.९. चाळीसपैकी तीन वेळा मात्र ती २.४ किंवा त्याहून मोठी निघाली. दोनदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या. चाळिसात तीन म्हणजे शंभरात साडेसात. कॉम्प्युटर तुमच्या आकड्यांवर जी पी-व्हॅल्यू देतो ती ०.०७ आहे. आम्हा दोघांचं लाडवासकट बरं जमलं म्हणायचं.

पी-व्हॅल्यू म्हणजे एवढंच. पद्धतीनं काहीच फरक पडला नसता तरी नुसत्या वाटणीच्या गमतीनं एवढी किंवा याहून मोठी तफावत किती वेळा दिसली असती, ते प्रमाण. ते शंभरात पाचाच्या, म्हणजे ०.०५ च्या, आत आलं तरच ‘सार्थ’ म्हणायची रूढी. ‘माझी पद्धत चुकीची असण्याची शक्यता ७ टक्के’ असा तिचा अर्थ नाही. प्रबंधांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता लाल पेन उचलायचाही कंटाळा येतो.

टी म्हणजे या चिठ्ठ्यांच्या खेळाचा शॉर्टकट. वर तुमचा फरक, खाली चिठ्ठ्या पिसल्यावर जेवढी हालचाल आपसूक होते तिचा अंदाज. अ चं विचलन ४.६, त्याचा वर्ग २१.१६, भागिले २८, आले ०.७५६. ब चं ५.०, वर्ग २५, भागिले २६, आले ०.९६२. बेरीज १.७१८, वर्गमूळ १.३१. आता २.४ ला १.३१ नं भागा : १.८३. तुमचं १.८४ आलं कारण तुम्ही दोन्ही विचलनं एकत्र करून सूत्र लावलंत. मी लावलं ते वेल्च नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचं, १९४७ सालचं. दोन गटांची पांगापांग सारखीच असली पाहिजे अशी त्याची अट नाही. गट जवळपास सारखे असले की दोन्ही उत्तरं जवळ येतात. एक्सेलमध्ये टी-टेस्टच्या सूत्रात शेवटचा आकडा ३ घातला की हेच निघतं. सवय ३ चीच ठेवा.

आता त्या भागाकारात कुठं काय बसलंय ते पाहा. मुलांची संख्या छेदाच्या पोटात आहे. मुलं वाढली की छेद लहान होतो आणि फरक तोच राहूनही टी फुगतो. शेजारच्या तालुक्यातल्या सरांचं गणित करू : विचलन ५ चा वर्ग २५, भागिले ९००, दोनदा, बेरीज ०.०५५६, वर्गमूळ ०.२३६. त्यांचा फरक ०.७ भागिले ०.२३६ म्हणजे २.९७. सार्थ, तेही ०.०१ ला. यात अन्याय काही नाही. टी त्यांना सांगतोय, ‘हा फरक आहे लहान, पण नुसत्या योगायोगानं असा सहसा येत नाही.’ तुम्हाला सांगतोय, ‘हा फरक मोठा दिसतोय खरा, पण एवढ्या थोड्या मुलांत असं आपसूकही होतं.’ घोटाळा मराठी शब्दानं केलाय. ‘सार्थ’ म्हटलं की कानाला ‘अर्थपूर्ण’, ‘महत्त्वाचं’ असं वाटतं. इंग्रजीतल्या ‘सिग्निफिकंट’नंही तोच घोळ घातलाय, म्हणून आपण एकटे नाही. माझ्या हाती असतं तर मी ‘असार्थ’च्या जागी ‘अजून सांगता येत नाही’ असं छापलं असतं.

थोड्या मुलांची ही अडचण ज्यानं सोडवली तो प्राध्यापक नव्हता, दारूच्या कारखान्यातला नोकर होता, हे मला नेहमी आवडतं. विल्यम सीली गॉसेट. ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकून १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागला. बार्लीचं कुठलं बियाणं चांगलं, हॉप्सचा कुठला लॉट बरा, असले प्रश्न. नमुने मोजून चार-पाच, कारण एकेका नमुन्याला वेळ आणि पैसा लागे. तेव्हाची सूत्रं मोठ्या नमुन्यांची. चार नमुन्यांवर ती लावली की माणूस उगाच ठामपणे बोलायला लागतो. किती उगाच, ते गॉसेटनं शोधलं. कागदोपत्री गणित मांडलं आणि ते पडताळायला माझ्यासारखाच उद्योग केला : तुरुंगातल्या ३००० कैद्यांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर लिहिली, ते पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावानं शोध छापू देत नसे, म्हणून १९०८ मध्ये लेख आला तो ‘स्टुडंट’ या नावानं. तुमच्या कोष्टकाच्या डोक्यावर ‘स्टुडंट्स टी’ लिहिलंय ना, तो विद्यार्थी हा. कोष्टकात खाली-वर नजर फिरवा : चार मोजमापांचा एकच नमुना असेल तर ३.१८ लागतं, तुमच्या ५४ मुलांना २.०१, हजारो असतील तर १.९६. मोजमापं कमी, तेवढा उंबरा उंच.

आता मैत्रिणीच्या इफेक्ट साइझकडे. फरक तोच, २.४. भागायचं मात्र मुलांच्या संख्येला हात न लावता, नुसत्या पांगापांगीनं. दोन्ही तुकड्यांचं एकत्रित विचलन ४.८ येतं. २.४ भागिले ४.८ म्हणजे ०.५०. याला कोहेनचा डी म्हणतात. त्या सरांचा डी ०.७ भागिले ५, म्हणजे ०.१४. बघा, आता रांग उलटी लागली.

०.५ म्हणजे किती, हे वर्गात उभं राहून बघू. ब तुकडीतली २६ मुलं गुणांप्रमाणे ओळीनं उभी केलीत तर मधलं पोर तेराव्या नंबरला. अ तुकडीतलं मधलं पोर त्या ओळीत नेऊन उभं केलंत तर ते आठव्याच्या आसपास जागा धरेल. दुसऱ्या तऱ्हेनं : अ मधलं एक आणि ब मधलं एक पोर न बघता उचला, गुण विचारा. शंभर वेळा केलंत तर साधारण ६४ वेळा अ चं पुढे असेल. काहीच फरक नसता तर ५०. त्या सरांच्या ०.१४ ला हाच आकडा ५४ येतो. पाचवीच्या बाईंना ६४ आणि ५० मधलं अंतर वर्गात जाणवेल. ५४ चं जाणवणार नाही, ते फक्त कोष्टकात दिसेल.

जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा अशी ढोबळ मापं दिली. समजावताना त्यानं मुलींच्या उंचीचा दाखला दिला : १५ आणि १६ वर्षांच्या मुलींतला फरक म्हणजे ०.२, १४ आणि १८ वर्षांच्या मुलींतला म्हणजे ०.५. दुसरं काहीच हाताशी नसेल तेव्हा ही मापं वापरा, असं तो स्वतः सांगत होता. लोकांनी त्याचंही कोष्टक केलं. शाळेत चिठ्ठ्या टाकून नीट केलेल्या मोठ्या प्रयोगांत ०.२ मिळाला तरी लोक खूश होतात. त्या सरांचा ०.१४ एखाद्या फुकटात होणाऱ्या गोष्टीनं आला असेल, म्हणजे समजा रोज पाच मिनिटं पाढे म्हणून, तर मी तो हसण्यावारी नेणार नाही. त्यासाठी प्रत्येक शाळेला टॅबलेट घ्यावे लागणार असतील तर मात्र नेईन. तुमच्या भाकऱ्या पुठ्ठ्याच्या आहेत, ही तुमच्या बाजूची गोष्ट. (त्यांच्या ९०० मुलांबद्दल एक खडा : एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे शाळा विसरून मुलं मोजली की टी खोटा फुगतो. पण पत्र त्यांचं नाही, तुमचं आहे.)

म्हणून ‘इफेक्ट साइझ लिही’ हा सल्ला बरोबर, पण अर्धा. ०.५० लिहून थांबलात तर तीही फसवणूकच. त्या आकड्यालाही हालचाल आहे. तुमच्या ५४ मुलांवरून खरा डी −०.०४ पासून १.०४ पर्यंत कुठंही असू शकतो. गुणांत बोलायचं तर खरा फरक −०.२ पासून ५.० पर्यंत. म्हणजे ‘काहीच उपयोग नाही’ इथपासून ‘सगळ्या तालुक्याला शिकवा’ इथपर्यंत! एवढा रुंद पट्टा (प्रबंधाच्या भाषेत ९५ टक्के विश्वास-अंतराल) तुमच्या हाती आहे, आणि त्यात शून्य जेमतेम एका टोकाला लटकलाय. ‘सार्थ-असार्थ’च्या शिक्क्यात यातलं काहीच दिसत नाही. मला विचाराल तर सगळ्या कोष्टकांपेक्षा हा पट्टा छापणं जास्त मोलाचं.

आमच्याकडे बोअर मारतात तसं आहे हे. दोनशे फुटांवर गाडी थांबवली आणि पाणी लागलं नाही, तर ‘इथं पाणी नाही’ असं कुणी शहाणा शेतकरी म्हणत नाही. ‘दोनशेपर्यंत नाही लागलं’ म्हणतो. तुमची खोली आधीच मोजता आली असती. खरा परिणाम ०.५ असेल आणि तुकडीत सत्तावीस-सत्तावीस मुलं असतील, तर टी-चाचणी तो पकडण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी, ४३ टक्क्यांच्या आसपास. दहापैकी आठ वेळा पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. हे प्रयोगाआधी मार्गदर्शकांनी सांगायला हवं होतं. आता तुम्ही प्रबंधात मर्यादांच्या पानावर ते स्वतःहून लिहा. आणि ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार केला’, म्हणजे ‘पद्धतीनं फरक पडत नाही हे मान्य केलं’, असं कृपा करून लिहू नका. ‘त्याग करता आला नाही’ एवढंच.

मार्गदर्शक सरांच्या युक्त्यांबद्दल सौम्य बोलायचं ठरवलं होतं. जमत नाहीये.

वन-टेल म्हणजे फरक अ च्याच बाजूचा आहे का, एवढंच तपासणं. ती लावली तर उंबरा २.०१ वरून १.६७ वर येतो आणि तुमचा १.८४ पास होतो. पण निकाल लागल्यावर पासिंगचे गुण कमी करणाऱ्या शाळेला आपण काय म्हणतो? वन-टेल चालते, प्रयोगाआधी आराखड्यात लिहिली असेल तर. आणि भाकऱ्यांनी मुलांचा गोंधळ वाढला असता तरी तुम्ही ‘फरक नाही’ असंच लिहिलं असतंत, अशी तयारी असेल तर. वस्तीवरची दहा-बारा मुलं : ही मिळवून सार्थ आलं तर थांबणार, नाही आलं तर आणखी दहा. असं पाच वेळा डोकावत गेलात तर काहीच परिणाम नसतानाही ‘सार्थ’ सापडण्याची शक्यता पाचाची चौदा टक्के होते. दोन गैरहजर मुलं अ तुकडीतली आहेत, कमी गुणांची आहेत. यादीत ब तुकडीतही कमी गुणांची दोन-तीन दिसतात. ती गैरहजर होती का, हे कुणी तपासलं? दोघं आत राहू द्या. हवं तर तळटीपेत लिहा की त्यांना वगळून उत्तर असं येतं.

चौथी युक्ती सगळ्यांत रुजलेली, म्हणून तीच जास्त घातक. अ तुकडीची पूर्व-उत्तर जोडीची टी (त्याच मुलांचे आधीचे आणि नंतरचे गुण जोडून काढलेली) सार्थ येणारच हो! सहा आठवडे अपूर्णांक शिकवल्यावर पोरं पुढे गेली नाहीत तरच बातमी. ब तुकडीचीही काढा, तीही येईल. ‘प्रायोगिक गटात सार्थ वाढ झाली’ यावरून पद्धतीबद्दल काहीच कळत नाही. अ मध्ये सार्थ आली आणि ब मध्ये थोडक्यात हुकली, तरी त्यावरून अ आणि ब मध्ये फरक आहे असं ठरत नाही. तुलना दोघांत थेट करावी लागते.

पण त्या युक्तीत तुमच्या उपयोगाची एक वस्तू दडलीय. पूर्व चाचणी तुम्ही घेतली होती! ती बहुधा परिशिष्टात धूळ खात पडलीय. ती बाहेर काढा. प्रत्येक मुलाच्या उत्तर चाचणीतून त्याची पूर्व चाचणी वजा करा. अ च्या २८ वाढी, ब च्या २६ वाढी. या दोन यादींत साधी, बिनजोडीची टी लावा. गुण पांगतात त्याचं मोठं कारण काही पोरं मुळातच गणितात पुढे असतात हे आहे, आणि ते वजाबाकीत बरंचसं गळून जातं. समजा वाढीतला फरक २.० एवढाच निघाला, पण वाढीचं विचलन ३.४ वर उतरलं, तर टी २.१६ येतो. मुलं तीच, श्रम तेच. येईलच असं नाही, आणि नाही आला तरी तोच छापायचा. पूर्व चाचणी आराखड्यात आधीपासून होती, म्हणून ही तुलना तुमच्या हक्काची आहे, पळवाट नाही. फक्त वाढीवरून डी काढताना भागाकार उत्तर चाचणीच्या ४.८ नंच करा. ३.४ नं भागलात तर आकडा उगाच वजनदार दिसेल.

इतका वेळ मी चिठ्ठ्यांबद्दल बोललो, आणि खरी अडचण अजून शिवलीच नाही. नातीनं चिठ्ठ्या डोळे मिटून काढल्या. तुमची मुलं अ आणि ब मध्ये कुणी घातली?

१९३० मध्ये स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरला शाळेतल्या मुलांना दूध पाजण्याचा प्रचंड प्रयोग झाला. ६७ शाळा, २०,००० मुलं. निम्म्यांना चार महिने रोज दूध, निम्म्यांना नाही. आधी आणि नंतर वजन-उंची. वाटणी चिठ्ठीनं किंवा नावांच्या अक्षरक्रमानं करायची होती. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा कुपोषित मुलं जास्त आल्यासारखी वाटली तर शिक्षकांना अदलाबदल करायची मुभा दिली. शिक्षक शेवटी शिक्षक. समोर हडकुळं पोर आणि हातात दूध असलं की काय होणार? गरीब, अशक्त पोरं दुधाच्या गटात सरकली. सुरुवातीलाच दूध न मिळणाऱ्या गटातली मुलं जास्त उंच आणि वजनदार निघाली. त्यात पहिलं वजन फेब्रुवारीत अंगावरच्या कपड्यांसकट, दुसरं जूनमध्ये. खात्यापित्या घरच्या मुलांचे थंडीचे जाड कपडे उतरले, त्यांचं वजन तेवढं घटलं. गरिबाच्या अंगावर जाड कपडे नव्हतेच. दुधाचा फायदा त्यामुळे फुगून दिसला. पुढच्याच वर्षी हे सगळं उघड करणारा लेख आला. लेखक : स्टुडंट. तोच आपला गॉसेट. त्यानं सुचवलं, जुळ्या भावंडांच्या पन्नास जोड्या घ्या, एकाला दूध द्या आणि दुसऱ्याला नको. या वीस हजारांपेक्षा ते स्वस्त आणि भरवशाचं होईल. टी ज्याच्या टोपणनावानं ओळखला जातो त्याचं हे म्हणणं.

आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात शेतातली जागा तलाठ्याच्या पसंतीनं नाही, रँडम आकड्यानं ठरते, ती याच धास्तीनं. नमुना निवडीच्या त्या शास्त्राला भारतात आकार देणाऱ्यांतले एक, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, तुमच्याच जिल्ह्यातल्या बुध गावचे.

तर सांगा : अ तुकडी ‘हुशारांची’ आहे का? आधी नाव घातलेली, घरी लक्ष असलेली मुलं अ मध्ये आणि उशिरा आलेली, साखर कारखान्याच्या हंगामाबरोबर येणारी-जाणारी ब मध्ये, असं बऱ्याच शाळांत होतं. पूर्व चाचणीत दोन्ही तुकड्या जवळजवळ असतील तर थोडा धीर येईल. दुसरी गाठ त्याहून घट्ट आहे : अ ला तुम्ही शिकवलंत, ब ला दुसऱ्या बाईंनी. सहा आठवडे रात्री जागून पुठ्ठे कापणाऱ्या बाई वर्गात कशा शिकवत असतील हे मी कल्पू शकतो. तो २.४ गुणांचा फरक भाकऱ्यांचा की बाईंचा? टी हे सांगू शकत नाही, डीही नाही. हजार मुलं घेतलीत तरी नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या बाई तयार असतील तर वर्ग अदलून पाहा : दशांश अपूर्णांकाला त्यांच्या तुकडीला साहित्य, तुमच्या तुकडीला फळा.

टी लावायच्या आधी गुणांची वाटणी घंटेच्या आकाराची (मध्ये गर्दी, टोकांना विरळ) आहे का, याची काळजी मार्गदर्शकांना बरीच असते. दोन्ही तुकड्यांत पंचवीसच्या वर मुलं आहेत, २५ पैकी २५ वाल्यांची गर्दी नाही. सोडून द्या.

चौथ्या प्रकरणात अन्वयार्थाखाली असं काहीसं लिहा. भाषा तुमच्या विद्यापीठाला चालेल तेवढी जड करा (टीच्या कंसातला ५१ वेल्चच्या सूत्रातून येतो, ‘द्विपुच्छ’ म्हणजे वन-टेल नव्हे, दोन्ही बाजू) :

“प्रायोगिक गटाचे मध्यमान नियंत्रित गटापेक्षा २.४ गुणांनी अधिक आढळले (९५ टक्के विश्वास-अंतराल −०.२ ते ५.०). टी (५१) = १.८३, पी = ०.०७, द्विपुच्छ. कोहेनचा डी = ०.५० (−०.०४ ते १.०४). ०.०५ स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही. मात्र नमुना लहान असल्याने मध्यम आकाराचा परिणाम नाकारताही येत नाही. दोन्ही गट यादृच्छिक पद्धतीने केलेले नव्हते व त्यांचे शिक्षक वेगळे होते, त्यामुळे फरकाचे श्रेय केवळ अध्यापन पद्धतीस देता येणार नाही.” त्याखाली पूर्व चाचणीवरून काढलेल्या वाढीची तुलना, जशी येईल तशी.

तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षक विचारतील, “बाई, मग सिद्ध काय झालं?” घाबरू नका. पट्टा सांगा, −०.२ ते ५.०. पुढे विचारलंच तर गटात ६४ मुलं का लागतात तो हिशेब सांगा. लॅनर्कशायर सांगितलंत तर बहुधा पुढचा प्रश्न येणार नाही, चहा येईल.

पूर्व चाचणीची यादी मला पाठवा. चिठ्ठ्या फेकलेल्या नाहीत, लाडवाच्या डब्यातच आहेत. प्रत्येकीच्या कोपऱ्यात अजून एक आकडा मावेल. नातीला दिवाळीची सुट्टी लागायच्या आत यादी आली तर बरं.